मेंढेवाडीची शीव

१

कुकडपेठ नगरपालिकेची हद्द चोरीला गेली ती ऐन आठवडी बाजाराच्या दिवशी.

हद्द म्हणजे एक दगड. गुडघ्याएवढा, शेंदरानं माखलेला. पेठ संपून मेंढेवाडी सुरू होते तिथं, ओढ्याच्या अलीकडं, तो कधीपासून उभा होता हे पेठेतल्या कुणालाच सांगता येत नसे. नाव शीवआई. लग्नाचं वऱ्हाड वाडीतून पेठेत यायचं असो की पेठेतून वाडीत जायचं, इथं नारळ फुटल्याशिवाय बैलगाडी पुढं हलत नसे. पुढं बैलगाडीची जीप झाली, नारळ मात्र तोच राहिला.

त्या सकाळी बाजाराला निघालेल्या वाडीतल्या बायकांना दगडाच्या जागी खड्डा दिसला. खड्ड्यात तांदूळ, हळदकुंकू, एक नारळ आणि नीट घडी घातलेला हिरवा खण. कडेला काळ्या लोकरीचे पुंजके. बायकांनी बोंब ठोकली. फौजदार आले, खड्ड्यात डोकावले आणि दोन पावलं मागं सरून म्हणाले, “करणी दिसतीय.”

एरवी एवढ्यावर भागलं असतं. पण साल होतं १९९८, आणि कुकडपेठेला वाढायचं होतं. नगरपालिकेनं हद्दवाढीचा प्रस्ताव केला होता, ‘शीवआईच्या दगडापासून पश्चिमेस ओढ्यापलीकडील गायरानापर्यंत’. म्हणजे सगळी मेंढेवाडी पेठेच्या पोटात. पुढल्या गुरुवारी प्रांतसाहेब जागेवर येऊन हरकती ऐकणार होते, आणि त्यांच्यासमोरच सभेनं ठरावावर शेवटचं मत द्यायचं होतं. वाढ नेमकी कुठून करायची, तो दगडच आता जाग्यावर नव्हता. दगड नाही म्हणजे नव्यानं मोजणी. आणि मोजणी खात्याकडं अर्ज केला की हद्द सापडेपर्यंत अर्जदार हरवतो, असा तालुक्याचा अनुभव होता.

हरकत एकच आली होती, राघू नावाच्या मेंढपाळाची. गायरान गेलं तर मेंढरं चारायची कुठं, एवढंच त्याचं म्हणणं.

“दगडही त्यानंच उचलला,” उपनगराध्यक्ष गोरखशेठ फौजदारांना म्हणाले. “लोकर बघा की.”

पोलिसांनी आठवडाभर विचार केला आणि बुधवारी सकाळी, सुनावणीच्या आदल्या दिवशी, राघूला उचललं.

नगरपालिकेचे वकील सोपान डोके यांना ही बातमी जुन्नरच्या कोर्टाबाहेर, चहाच्या टपरीवर कळली. त्यांनी कप खाली ठेवला. या राघूच्या मेंढरांच्या उबेला ते लहानपणी झोपलेले होते.

२

सोपानरावांच्या वडिलांच्या वावरात दर उन्हाळ्यात खतासाठी राघूच्या बापाची मेंढरं बसत. दहा-बारा वर्षांचा राघू सोबत असे. दोघं एका घोंगडीवर पडून चांदण्या बघत. पुढं सोपानराव पुण्याला जाऊन एल.एल.बी. झाले, आणि चांदण्या राघूकडंच राहिल्या.

एम-एटी दुचाकी दामटत ते कुकडपेठेत पोचले. नगरपालिकेच्या फाटकातून आत शिरले तर समोर लिंबाखाली देव. शेंदरी अंग, चांदीचे टपोरे डोळे, जास्वंदीचा हार. पुढ्यात नारळाच्या करवंट्यांचा ढीग. सोपानरावांचं इकडं चार-सहा महिन्यांतून एकदा येणं. हा देव आपल्या नजरेतून कसा निसटला, याची त्यांना लाज वाटली.

“हे कधीपासून रे?” त्यांनी कुशाबा शिपायाला विचारलं.

“स्थान जुनं हाय, साहेब,” कुशाबा ठामपणे म्हणाला. “लई जागृत. अडकलेली बिलं सुटत्यात.”

सोपानरावांनी चपला काढल्या आणि हात जोडले. शेजारीच गाड्याच्या चाकाएवढं पोट सावरत पप्पू ठेकेदार डोळे मिटून उभा होता. पप्पू हा गोरखशेठचा मेहुणा. त्याला मनातल्या मनात प्रार्थना जमत नसे.

“आई, मेंढेवाडीचं काम माझ्याच पदरात पाड. अकरा नारळ फोडीन.”

“कसलं काम, पप्पूशेठ?”

पप्पूनं डोळे उघडले. “आँ? गटाराचं, वकीलसाहेब. गटाराचं.”

मेंढेवाडीत गटार नव्हतं. मेंढेवाडी अजून नगरपालिकेतही नव्हती.

तेवढ्यात पिवळ्या दिव्याची जीप आत आली. फाटकावरच्या सगळ्यांनी सलाम ठोकला. त्या जीपला अडवायची प्रथा पेठेत नव्हती, आत कोण आहे हे बघायचीसुद्धा नव्हती. बहिरू ड्रायव्हरनं दार उघडलं आणि नगराध्यक्षा तुकाबाई उतरल्या. खुर्ची बायकांसाठी राखीव झाली तेव्हा, बाई गरीब आहेत, सही करतील आणि गप्प बसतील, म्हणून गोरखशेठनीच त्यांना बसवलं होतं. बाई खरोखर गप्प बसत. भर सभेतही डोईवरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला, त्यामुळं त्या ठरावाला हो म्हणतात की नाही हे कुणालाच दिसत नसे, आणि न दिसणं म्हणजे हो, असा सभागृहाचा संकेत होता.

त्या लिंबाखालून देवाजवळून गेल्या. पाठमोऱ्या जाताना त्यांचा पदर डोक्यावरून खांद्यावर आला. चार पावलं पुढं गेल्यावर त्यांनी तो परत घेतला. वारा असावा, असं सोपानरावांना वाटलं.

आत गोरखशेठ वाटच बघत होते. “सोपानराव, उद्याचं सोपं हाय. हरकत घेणाराच चोर म्हणल्यावर हरकतीत काय राहिलं? प्रांताला एवढंच पटवा.”

“आणि दगड?”

“दगडाचं काय एवढं? दुसरा बसवू. ठेका काढू की.”

३

पोलीस ठाण्यात गेणू हवालदार भजी खात बसला होता. सोबत हिरवीगार चटणी होती.

“खड्ड्यातला मुद्देमाल बघायचा होता,” सोपानराव म्हणाले.

“खण हाय, लोकर हाय. तांदूळ उंदरांनी नेलं.”

“नारळ?”

गेणूनं चटणीकडं बघितलं. “पंचनाम्यात ‘नारळ एक’ आसं लिवलंय. पण करणीचा नारळ ठाण्यात ठेवायचा म्हंजे... आठ दिस कळ काढली, वकीलसाहेब. मग म्या म्हणलं, पोटात गेला की करणी संपली.”

“म्हणजे फोडला तुम्ही. खड्ड्यात सापडला तेव्हा अख्खा होता?”

“शेंडीसकट अख्खा. खणावर ठिवल्याला.”

सोपानरावांनी एक भजं उचललं आणि चटणीत न बुडवता खाल्लं.

कोठडीत राघू भिंतीला टेकून बसला होता. दाढी पांढरी झाली होती, डोळे तेच.

“या वकील,” तो म्हणाला. “तुमच्या वावरात मेंढरं बसवली व्हती, आता तुमच्या सरकारनं मला बसवलंय.” मग हळू आवाजात, “आई घावली का? कुणी फोडलीबिडली तर न्हाई ना?”

“नाही सापडली. राघू, दगड तू नेलेला नाहीस ना?”

“म्या? येडा झाला का? देवाला हात लावून कोन मरंल? आन लोकरीचं काय घिऊन बसलाय! वाडीत माणसापरीस लोकर जास्त.”

“हेच सांग उद्या. घरातल्या बाईमाणसाला आण साक्षीला.”

“मालकीन जाऊन सहा वर्सं झाली. घरात म्या आन कुत्रं.”

“बरं. खड्ड्यात तांदूळ होते, नारळ होता, आणि एक खण...”

“खण?” राघू ताठ झाला. “कसल्या रंगाचा?”

“हिरवा. लाल काठाचा,” बाहेरून गेणू ओरडला.

 राघूनं मुंडासं नीट केलं, उभा राहिला आणि बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “हवालदार, लिवून घ्या. दगड मीच नेला.”

“कुठं ठेवलायस?” सोपानरावांनी विचारलं.

राघू गोंधळला. “ते... न्हाई सांगायचं मला.”

४

सोपानराव ओढ्याकडं गेले आणि खड्ड्याच्या काठावर बसून राहिले. पलीकडं गायरानात मेंढरं विखुरली होती. पेठेचा कचरा टाकायला जागा उरली नाही, अशी ओरड प्रत्येक सभेत असे. कचऱ्याचा डेपो करायला पेठेला एवढी सपाट जागा दुसरीकडं कुठं मिळणार? पप्पूच्या गटाराचा अर्थ त्यांना आता कळला. निविदा निघायच्या आधी, हद्द वाढायच्या आधी, पप्पूला ‘काम’ माहीत होतं. ते सांगू शकेल असा माणूस एकच होता, आणि पप्पूची बहीण त्याच्याच घरात नांदत होती.

पण मग गोरखशेठ दगड कशाला हलवतील? त्यांना हद्द हवी होती.

त्यांनी खड्ड्यातली माती चिमटीत घेतली. तांबडा मुरूम. पुरुषानं देव हलवायचा तर तो नारळ फोडेल, कोंबडं सोडेल, निदान बाटली ओतेल. तांदूळ, खण, अख्खा नारळ ही ओटी झाली. देवी जागा सोडून निघाली म्हणून कुणीतरी तिची पाठवणी केली होती, लेकीची करतात तशी. म्हणजे बाई. सवाष्ण. घाईच्या कामातही खणाची घडी न मोडणारी. लोकर पडली, कारण दगड उघडा नेणं तिला बरं वाटलं नव्हतं. घोंगडीत गुंडाळून नेला होता. आणि खणाचा रंग ऐकल्याबरोबर राघूनं चोरी स्वतःच्या अंगावर घेतली. त्यानं तो खण ओळखला होता.

पण बायकोच नाही त्याला. मग कुणासाठी?

पारगावच्या कारखान्याला जाणारी ऊस भरलेली गाडी करकरत गेली. मागोमाग निरगुडसरची एस.टी. आली, तिच्या खिडकीत एक बाई होती, आणि सोपानरावांना आपली आई आठवली. दिवाळीत ती त्यांना घेऊन निरगुडसरला माहेरी जाई. घोडेगावपर्यंत कडक चेहरा, पदर डोक्यावर, मांडीवर पिशवी. पण आजोळचा फाटा जवळ आला, शिवेवरची बाभूळ मागं पडली, की तिचा पदर अलगद खांद्यावर उतरे. आई एकदम मोठ्या बहिणीएवढी दिसू लागे आणि कंडक्टरशी वादसुद्धा घाली. “आई, तुझा पदर,” असं त्यांनी एकदा म्हटलं होतं. “वारा रे,” ती म्हणाली होती. खिडकी बंद होती.

सोपानराव ताडकन उठले.

एम-एटी नगरपालिकेच्या फाटकात अर्धवट आडवी टाकून ते लिंबाखाली गेले. ओणवून नमस्कार करता करता त्यांनी देवाच्या बुडाशी नखानं खरवडलं. वरचा शेंदूर जुना, पापुद्र्यांवर पापुद्रे. खालचा वीतभर ताजा, एकच हात. त्या ताज्या शेंदरात तांबड्या मुरमाचे खडे चिकटले होते. आणि लिंबाखालची माती होती काळी.

आठवड्यापूर्वी आलेला देव. पण आपल्याकडं देवाला जुना व्हायला आठवडा पुरतो.

“नवस बोलताय काय, साहेब?” मागून कुशाबानं विचारलं.

“फेडतोय,” सोपानराव म्हणाले आणि नगराध्यक्षांच्या दालनाकडं निघाले.

५

“बसा, वकीलसाहेब,” तुकाबाई पदराआडून म्हणाल्या. “च्या सांगू?”

“बाई, तुमचं माहेर कुठलं?”

पदर हलला नाही. “निवडनुकीचा फारम भरला तवा कुनी इचारलं न्हाई. आज का?”

“राघूनं कबुली दिलीय. खण हिरवा होता एवढं ऐकलं आणि दिली. दर भाऊबीजेला तो हिरवाच देतो ना?”

 मग बाईंनी पदर मागं सारला. इतक्या दिवसांत सोपानरावांनी त्यांचा चेहरा पहिल्यांदा पाहिला. डोळे राघूचे होते.

“जुन्नरच्या बाजारातनं आनतो. लाल काठाचा,” त्या म्हणाल्या. “येडं हाय ते. म्या सांगायला निघाले व्हते. पर म्या इथनं उठले की ह्या खुर्चीत गोरखशेठ. राघू सुटंल, गायरान न्हाई सुटायचं.”

“दगड का नेलात?”

“मी लगीन हून आले तवा त्या दगडाला नारळ फोडला आन गाडी हिकडं आली. मागं वळून बघितलं तर माझी आई पल्याड हुबी. दगडाच्या पल्याड माहेर, अल्याड सासर, आसं मनात धरून जलम काडला. आन आता तुमचा ठराव म्हंतोय, समदं एकच. मग दिवाळीला भाऊ मला न्यायला कुटनं कुटं येनार? वार्ड नंबर चारातनं वार्ड नंबर अकरात?” त्यांचा आवाज चढला, मग खाली आला. “त्येवर ह्यांचा कचरा. माझ्या माहेरावर. आन त्याच्यावर सई माझी!”

“म्हणून पहाटे बहिरूला घेऊन...”

“बहिरूनं दगड उचलला, घोंगडी माझी. लिंबाखाली ठिवला. म्हणलं, जाता-येता शीवआई माजं तोंड तरी बगंल. डोळं बाजारात घेतलं, कुनी वळखू ने म्हून. तर दुसऱ्या दिवशी सकाळी हार पडलेला. तिसऱ्या दिवशी कुशाबा सांगाया लागला, स्थान जुनं हाय.”

सोपानरावांनी चष्मा पुसला. त्यांचं अशील नगरपालिका होतं. चोर नगरपालिका होती. चोरीचा माल नगरपालिकेत होता आणि फिर्यादही नगरपालिकेचीच.

“नियम असा आहे,” ते म्हणाले, “की एखाद्या विषयात सभासदाचा हितसंबंध असेल, तर त्यानं तो उघड सांगावा आणि त्या विषयापुरतं बाजूला व्हावं.”

“माहेर बसतं का त्याच्यात?”

त्यांनी आठवून पाहिलं. कायद्यात भागीदारी होती, भाडेपट्टा होता, शेअर होते. माहेर नव्हतं. कायदा पुरुषांनी लिहिला होता. त्यांना माहेर नसतं.

“बसवू,” ते म्हणाले. “पण मग बाजूला सगळ्यांनाच व्हावं लागेल. उद्या जीप लागेल मला. आणि तीच घोंगडी.”

६

गुरुवारी प्रांतसाहेब सफारी सूट घालून ओढ्याकाठी आले. टेबल मांडलं, त्यावर चादर, त्यावर फुलदाणी. समोर नगरसेवक, मागं वाडी. राघूला गेणूनं धरून आणलं होतं.

“हद्द कुठाय?” साहेबांनी विचारलं.

“आणलीय,” सोपानराव म्हणाले. पिवळ्या दिव्याची जीप पुढं आली. बहिरूनं घोंगडीतला दगड उतरवून खड्ड्यात बसवला. वाडीतल्या बायकांना हुंदका फुटला. कुशाबा मात्र, “आवं, आमचा देव!” म्हणून ओरडला.

“चोरी कोणी केली?”

“चोरी झालीच नाही, साहेब. नगरपालिकेच्या वाहनातून, नगराध्यक्षांच्या हुकमानं, नगरपालिकेच्या आवारात गेला. सरकारी भाषेत याला बदली म्हणतात.”

“या माणसानं कबुली दिलीय ना?”

“बदलीचे अधिकार त्याला नाहीत.”

साहेबांच्या मिशीत काहीतरी हललं. ते स्वतः तीन बदल्या भोगून आले होते. “सोडा त्याला. पुढं बोला.”

“इथं शिवेचा वाद झाला की दगडावर हात ठेवून खरं सांगायची रीत आहे. नियमही तेच मागतो, फक्त लेखी. या ठरावात कुणाचं हित गुंतलंय, ते प्रत्येक सभासदानं सांगावं.”

साहेबांनी मान डोलावली. तुकाबाई पुढं झाल्या. पदर आपोआप खांद्यावर आला. सगळ्या पेठेनं आपली नगराध्यक्षा त्या दिवशी पाहिली.

“माजं हाय,” दगडावर हात ठेवून त्या म्हणाल्या. “हे माजं माहेर हाय. हा राघू माजा भाऊ. दगड म्याच नेला. मी मत द्यायची न्हाई.”

राघूनं मुंडाशात तोंड लपवलं. गोरखशेठना मात्र आनंद लपवता येईना. बाई बाजूला म्हणजे सभा त्यांची. लगबगीनं ते पुढं आले आणि हात उचलला. “माझा ह्या विषयात कसलाबी...”

“दाजी, नको!”

पप्पू गर्दी फाडत पुढं आला. घामानं निथळत होता. “दाजी, तिच्यावर हात ठिवून नका बोलू! मी तिलाच नारळ बोललोय! अकरा! तुमचा निम्मा हिस्सा धरून!”

टेबलावरची फुलदाणी बाजूला सरकली.

“कसला हिस्सा?” प्रांतसाहेबांनी विचारलं.

“डेपोचा, साहेब. कचऱ्याच्या.”

“निविदा निघाली?”

“अजून न्हाई,” पप्पू प्रामाणिकपणे म्हणाला. “आधी हद्द वाढू द्या की, मग निघंल.”

मेंढेवाडी हसली. आधी बायका, मग मेंढपाळ, शेवटी गेणू हवालदार. गोरखशेठचा हात अजून अधांतरीच होता. तो त्यांनी खिशात घातला आणि, “मला बीपीचा त्रास हाय,” असं म्हणून ते सावलीला गेले. त्यांच्या मागं रांगेत उभ्या असलेल्या सभासदांपैकी एकाला आठवलं की डेपोसाठी आपला ट्रॅक्टर ठरलाय. दुसऱ्याचा पुतण्या त्या ट्रॅक्टरवर होता. तिसऱ्याला कसलंच कारण आठवेना, पण देवाचे ते टपोरे चांदीचे डोळे बघून तोही सावलीला गेला. शेवटी दगडापाशी ठरावाला मत द्यायला पुरेशी माणसंच उरली नाहीत.

प्रांतसाहेबांनी पेनाचं टोपण लावलं. “प्रस्ताव परत,” ते म्हणाले. मग इकडं तिकडं बघत हळूच दगडाच्या पाया पडले. त्यांचंही कुठलंसं बिल अडकलं असावं.

७

पुढं दहा वर्षांत शासनानं वरूनच आदेश काढला आणि मेंढेवाडी पेठेत आली. त्याला ना ठराव लागला ना दगड. तोवर गायरानावर झाडं लागली होती, त्यामुळं कचरा तिकडं गेला नाही. तो कुठं जातो यावर अजून समिती बसलेली आहे. चौपदरी रस्ता झाला. रस्ता करणाऱ्यांना शीवआई हलवायचा धीर झाला नाही, म्हणून ती दुभाजकात राहिली. एकदा कुणीतरी तिला काळेपिवळे पट्टे मारले. वाडीतल्या बायकांनी खरवडून परत शेंदूर लावला.

सोपानरावांना आता कोर्टात फारसं काम नसे. एका दिवाळीत ते शीवआईसमोरच्या टपरीवर चहा घेत बसले होते. पेठेकडून प्रवाशांनी भरलेलं एक वडाप आलं आणि भर रस्त्यात थांबलं. तुकाबाई उतरल्या. पाठीला बाक आला होता, पदर कपाळापर्यंत. पलीकडच्या अंगाला राघू काठी टेकून उभा होता, हातात नारळ. एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात न्यायला आलेला. दोन्ही बाजूंना गाड्या खोळंबल्या, पण हॉर्न कुणीच वाजवला नाही.

राघूनं दगडावर नारळ फोडला. बाईंनी दुभाजक ओलांडला, आणि पदर खांद्यावर उतरला.

सोपानरावांनी टपरीवरच्या चुलीकडं पाहिलं. धूर सरळ वर जात होता. वारा अजिबात नव्हता.